बालक व किशोरवयीनांचे वजन-प्रशिक्षण आणि वाढ खुंटण्याची भीती : मिरज-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत सांगलीच्या संकेत महादेव सरगर याने भारोत्तोलनाच्या ५५ किलो वजनगटात रौप्यपदक मिळवले. स्नॅच प्रकारात ११३ किलो व क्लीन अँड जर्क प्रकारात १३५ किलो असे एकूण २४८ किलो वजन त्याने उचलले. सुवर्णपदक मिळवणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूची एकूण उचल २४९ किलो होती. केवळ एका किलोने सुवर्ण हुकले आणि ते हुकले त्याला कारण होते कोपराची दुखापत. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याचे उजवे कोपर दुखावले. तशाही स्थितीत तो तिसऱ्या प्रयत्नासाठी मंचावर आला; तोही साधला नाही. पदक स्वीकारताना त्याचा हात झोळीत होता.

त्याच वर्षी जून महिन्यात पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धेत त्याची धाकटी बहीण काजोल हिने मुलींच्या ४० किलो वजनगटात एकूण ११३ किलो वजन उचलून सुवर्णपदक मिळवले होते. पानटपरीवर चालणाऱ्या घरातील या दोन भावंडांनी जिल्ह्यातील अनेक मुलामुलींना वजनाच्या दांड्याकडे वळवले असेल. पण झोळीतल्या हाताचे ते छायाचित्र पाहून काही पालकांनी आपल्या मुलाला दांड्यापासून दूरही ठेवले असेल. "वजन मारू नकोस, उंची खुंटेल" हे वाक्य मिरज-सांगलीच्या घराघरांत जुने आहे. त्याला आता कोपराची भर पडली.

या भीतीत तथ्य किती आणि रूढ समजूत किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रारंभी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. शक्ती वाढवण्यासाठी डंबेल, दांडा, रबरी पट्टा किंवा स्वतःच्या शरीराचा भार वापरून केलेला क्रमबद्ध व्यायाम म्हणजे वजन-प्रशिक्षण होय. स्नॅच व क्लीन अँड जर्क या दोन उचलींची स्पर्धा म्हणजे भारोत्तोलन होय. स्नायूंचा आकार व रेखीवपणा यांसाठी केले जाते ते शरीरसौष्ठव. बोलताना या तिन्हींना आपण 'जिम' या एकाच शब्दात कोंबतो आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारतो. संकेतची दुखापत ही २१ वर्षांच्या प्रौढ खेळाडूला स्वतःच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास भार डोक्यावर नेताना झालेली दुखापत होती. बारा वर्षांच्या मुलाने पाच किलोचा दांडा खांद्यावर घेऊन बैठका काढाव्यात की नाहीत, या प्रश्नाचे उत्तर त्या प्रसंगातून मिळत नाही.

भीतीचा उगम

वजनामुळे उंची खुंटते या समजुतीच्या मुळाशी ज्या नोंदी सांगितल्या जातात, त्यांत काटो व इशिको या जपानी संशोधकांचे १९६४ मधील निरीक्षण प्रसिद्ध आहे. दुर्गम भागातील, कष्टाची कामे करणाऱ्या व जड ओझी वाहणाऱ्या मुलांची हाडांची वाढ खुंटलेली त्यांना आढळली. निरीक्षण चुकीचे नव्हते, पण ते अर्धेच वाचले गेले. त्या मुलांच्या पाठीवर ओझे होते तसेच त्यांच्या ताटात अन्न कमी होते आणि विश्रांतीला वेळ नव्हता. वाढ खुंटण्याचे श्रेय मात्र एकट्या ओझ्याला मिळाले.

या ठिकाणी थोडे विषयांतर क्षम्य मानावे. गळीत हंगामात सांगली, सातारा व कोल्हापूर जिल्ह्यांत ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर आलेली मुले फडात हाताखाली राबतात, वाढे गोळा करतात, मोळ्या उचलतात. त्या मुलाची उंची खुंटेल काय, हा प्रश्न शहरातील व्यायामशाळेच्या दारात उभे राहून कोणी विचारत नाही. काटो व इशिको यांच्या निरीक्षणाशी नाते जुळते ते याच मुलाचे. दिवसाआड पाऊण तास व्यायाम करून घरी दूध-भाकरी खाणाऱ्या मुलाशी ते जुळत नाही.

दुसरा उगम वैद्यकीय नियतकालिकांतील रुग्णनोंदींचा आहे. १९७० व १९८० च्या दशकांत अमेरिकेत किशोरवयीन मुलांच्या मनगटाच्या व अन्य ठिकाणच्या वाढत्या हाडांना वजन उचलताना झालेल्या इजांच्या काही नोंदी प्रसिद्ध झाल्या. १९८३ मध्ये अमेरिकन अकादमी ऑफ पीडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सावधगिरीचे निवेदन काढले. वयात येण्यापूर्वी अशा व्यायामाचा विशेष लाभ नाही आणि धोका मात्र आहे, असा त्याचा सूर होता. त्या रुग्णनोंदी बारकाईने पाहिल्या तर बहुतेक प्रसंगांत डोक्यावर जड वजन नेण्याचा प्रयत्न, सदोष पद्धत आणि देखरेखीचा अभाव या गोष्टी एकत्र आढळतात. पण निवेदनाचा सूर दूरवर पोहोचला, तपशील तेथेच राहिला.

तिसरे कारण अगदी साधे आहे. दूरचित्रवाणीवर दिसणारे भारोत्तोलक बुटके असतात. हलक्या वजनगटात आखूड हातापायांच्या खेळाडूला फायदा मिळतो, कारण वजन त्याला कमी अंतर वर न्यावे लागते. म्हणून बुटके खेळाडू तेथे टिकतात. बास्केटबॉल खेळल्याने माणूस सहा फूट होत नाही, सहा फुटी माणूस बास्केटबॉलमध्ये निवडला जातो. भारोत्तोलनातही निवडीचाच परिणाम दिसतो.

वृद्धिपट्टाचे स्वरूप

भीतीला शास्त्रीय आधार नाहीच असे मात्र नाही. लहान मुलाच्या लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक पातळ थर असतो. डॉक्टर त्याला 'ग्रोथ प्लेट' म्हणतात. मराठीत वृद्धिपट्ट म्हणता येईल. या पट्टातील पेशी सतत विभागतात, रांगा करून वाढतात आणि शेवटी त्यांच्या जागी हाड तयार होते. हाडाची लांबी वाढते ती येथूनच. पट्ट मऊ असल्याने वाढत्या हाडाचा तो सर्वांत दुबळा भाग ठरतो. मोठ्या माणसाला ज्या हिसक्याने सांध्याचा बंध लचकेल, त्याच हिसक्याने मुलाचा पट्ट तडकू शकतो. मुलांच्या अस्थिभंगांपैकी सुमारे १५ ते ३० टक्के अस्थिभंग वृद्धिपट्टाशी संबंधित असतात. ते मुख्यतः पडण्याने, वाहनांच्या अपघातांत आणि मैदानी खेळांत होतात. बहुतेक मुलींत १४-१५ व मुलांत १६-१७ वर्षांच्या सुमारास लांब हाडांतील पट्ट हाडात विलीन होतात आणि उंची वाढणे थांबते.

पट्टाला गंभीर इजा झाली तर तेथे वेळेआधी हाड बनते. मग तो हात किंवा पाय आखूड राहतो अथवा वाकडा वाढतो. याचा अर्थ काय, हे मिरजेला वेगळे सांगावे लागत नाही. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन रुग्णालय उभारल्यापासून हे गाव वैद्यकाचे गाव झाले. सायबेरियातील कुर्गान येथे इलिझारोव्ह यांनी विकसित केलेली, हाडाभोवती कडी बसवून ते हळूहळू लांबवण्याची पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत मिरजेचे अस्थिशल्यविशारद डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. अशा उपचारात हाड दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने लांबते. पाच सेंटिमीटरची उणीव भरायची तर कडी कित्येक महिने पायावर राहते. तेव्हा पट्टाची काळजी ही काल्पनिक काळजी नव्हे. प्रश्न एवढाच आहे की योग्य रीतीने दिलेल्या वजनाने हा पट्ट दुखावतो काय.

वेल्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये याचे थेट उत्तर शोधले. वयात न आलेल्या मुलांना चौदा आठवडे देखरेखीखाली यंत्रांवर प्रतिकार-व्यायाम देण्यात आला आणि हाडांची किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने तपासणी करण्यात आली. हाडांना, वृद्धिपट्टांना वा स्नायूंना हानी झाल्याचे दिसले नाही. शक्ती मात्र १८ ते ३७ टक्क्यांनी वाढली. त्यानंतरच्या अभ्यासांतही नियमित, मर्यादित व देखरेखीखालील वजन-प्रशिक्षणाने उंचीची वाढ मंदावल्याचे आढळलेले नाही. उलट किशोरवयात हाडावर योग्य ताण पडल्यास त्यात खनिजांचा साठा अधिक होतो. बालरोगतज्ज्ञांच्या त्याच अमेरिकन संघटनेने १९९० पासून आपली भूमिका टप्प्याटप्प्याने सैल केली. २०२० च्या तिच्या अहवालात सुयोग्य शिक्षण व देखरेख असल्यास मुलांचे प्रतिकार-प्रशिक्षण सुरक्षित व लाभदायक मानले आहे.

तालमीतील भार

कृष्णाकाठच्या गावांना या साऱ्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. येथील मूल सात-आठ वर्षांचे झाले की तालमीत जात असे. मिरजेत आज ज्या संस्थेच्या नावाखाली अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते, तिचे नाव श्री अंबाबाई तालीम संस्था असे आहे, यावरूनही तालमीचे या गावातील स्थान कळते. तालमीत मूल जोर मारी, बैठका काढी, दोरी चढे, आखाड्यातील तांबडी माती खोऱ्याने उकरी. या प्रत्येक क्रियेत भार आहे. साध्या जोरात शरीरवजनाचा जवळपास दोन तृतीयांश भार हातांवर येतो. झाडावरून उडी मारणाऱ्या मुलाच्या गुडघ्यांवर क्षणभर शरीरवजनाच्या कित्येक पट भार पडतो. पाच किलोचा डंबेल पाहून घाबरणारे पालक शंभर जोरांचे कौतुक करतात. भार लोखंडाचा असला की तो भयंकर ठरतो, एवढाच याचा अर्थ.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लहानपणीच वडिलांच्या हाताखाली कुस्ती शिकले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट या हलक्या गटात त्यांनी ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. सांगली जिल्ह्यातील कवठे पिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ९७ किलो गटात सुवर्णपदक मिळवले आणि १९६४ मध्ये ते हिंदकेसरी झाले. व्यायामाची परंपरा एकच, माती एकच. एक अंगाने लहानखुरा, दुसरा धिप्पाड. दोन उदाहरणांनी सिद्धान्त होत नाही हे खरे, पण जोर-बैठकांनी वाढ खुंटत असती तर या भागाला ते दीडशे वर्षांपूर्वीच कळले असते.

तालमीची खरी देणगी निराळीच होती. वस्ताद आखाड्याच्या कडेला बसलेला असे. कोणाचे किती जोर झाले, कोणाची पाठ वाकते, कोण आजारातून उठला आहे, कोणाला आज लढतीत घालायचे नाही, हे त्याला ठाऊक असे. नव्या मुलाची बैठकांची संख्या तो दहा-वीसने वाढवी, एकदम शंभरावर नेत नसे. आजचे क्रीडाशास्त्र ज्याला क्रमशः वाढता भार म्हणते, तो हाच. सगळे वस्ताद असे शहाणे नव्हते. मारझोड होती, आजारी मुलाला आखाड्यात उतरवण्याचे प्रकारही होते. तरीही देखरेख करणारी एक नजर तेथे होती.

इजा कोठे होतात

नजर नसली की काय होते, याचा पुरावा रुग्णालयांच्या नोंदींतून मिळतो. अमेरिकेतील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत २००२ ते २००५ या काळात वजन-व्यायामाच्या इजांसाठी आलेल्या ४,१११ रुग्णांच्या नोंदींचा मायर व सहकाऱ्यांनी अभ्यास केला. ८ ते १३ वयोगटात सुमारे दोन तृतीयांश इजा हातापायांच्या पंजांना झालेल्या होत्या आणि त्यांचे प्रमुख कारण होते वजन अंगावर पडणे किंवा त्यात बोट सापडणे. स्नायू वा सांधा लचकण्याचे प्रमाण वयाबरोबर वाढत गेले, म्हणजे ते मोठ्यांत जास्त होते. मुलांच्या इजा बहुतांशी अपघाती होत्या. त्या व्यायामाने झाल्या नव्हत्या; घरात पडून राहिलेली चकती उचलण्याच्या चढाओढीने, सैल राहिलेल्या पकडीने, शेजारी मोठे कोणी नसल्याने झाल्या होत्या.

ब्रिटनमध्ये हॅमिल यांनी १९९४ मध्ये शालेय वयाच्या खेळाडूंची जी तुलना प्रसिद्ध केली, तिच्यात सहभागाच्या दर १०० तासांमागे फुटबॉलमध्ये ६.२०, रग्बीत १.९२, वजन-प्रशिक्षणात ०.००३५ आणि भारोत्तोलनात ०.००१७ इजा असे प्रमाण आढळले. हे आकडे जपून वाचावेत. ते पात्र प्रशिक्षकांच्या हाताखालील मुलांचे आहेत आणि मागील काळाच्या आठवणींवर आधारलेले आहेत. वजनाचा दांडा फुटबॉलपेक्षा हजारपट सुरक्षित आहे असे त्यांवरून म्हणणे धाडसाचे होईल. पण मुलाला मैदानावर निर्धास्तपणे पाठवणाऱ्या पालकाने व्यायामशाळेच्या दारात थबकावे, असेही त्यांत काही नाही.

भाराची मात्रा

वयात न आलेल्या मुलाची शक्ती वाढते, पण दंड फुगत नाहीत. त्या वयात स्नायू जाड करणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाण कमी असते. वाढते ते मज्जासंस्थेचे कौशल्य : स्नायूतील अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावणे, त्यांचा मेळ साधणे. आठ ते बारा आठवड्यांत शक्तीत साधारण ३० टक्के वाढ होऊ शकते आणि व्यायाम सोडल्यास ती ओसरते. म्हणूनच 'इतके दिवस जिमला जातोय, दंड कुठे दिसतात?' असा प्रश्न अकरा वर्षांच्या मुलाला विचारणारा काका अज्ञानाने का होईना, पण मोठे नुकसान करतो. त्या टोमण्यानेच मुलगा जड वजनाकडे जातो.

सुरुवातीचे वय आकड्याने ठरत नाही. सूचना समजून त्याप्रमाणे वागण्याइतकी समज आली की मूल तयार आहे असे मानतात. बहुधा ती सात-आठ वर्षांच्या सुमारास येते. प्रथम वजनाशिवाय हालचाल, मग लाकडी काठी, मग हलका दांडा. स्पर्धेतील पुरुषांचा दांडा २० व महिलांचा १५ किलोचा असतो. शिकाऊ मुलांसाठी पाच व दहा किलोचे दांडे मिळतात. दहा ते पंधरा वेळा सुबकपणे करता येईल एवढेच वजन, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विसावा, आणि वाढ पाच-दहा टक्क्यांनी. शेवटच्या आवर्तनात पाठ वाकली तर ते आवर्तन मोजायचे नाही. आंतरराष्ट्रीय भारोत्तोलन महासंघाच्या युवा गटाची मर्यादाही १३ ते १७ वर्षे अशी आहे. त्याआधी 'जास्तीत जास्त किती उचलतोस' हे पाहण्याची घाई कोणाला असण्याचे कारण नाही. अनियंत्रित रक्तदाब, हृदयाच्या स्नायूंचा विकार किंवा आटोक्यात नसलेले झटके असलेल्या मुलाने आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे अनिवार्य आहे.

उंची खरोखर खुंटवणारी वस्तू

व्यायामशाळेत उंची खुंटवू शकणारी एक वस्तू आहे, पण ती दांड्याच्या मांडणीत ठेवलेली नसते. ती कुपीत असते. टेस्टोस्टेरॉन व त्यापासून बनवलेली अनेक स्टेरॉईड द्रव्ये शरीरात काही अंशी इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतात आणि वृद्धिपट्ट विलीन होण्याची क्रिया इस्ट्रोजेनच घडवून आणते. युरोपात एके काळी अतिउंच होण्याची शक्यता असलेल्या मुलांची वाढ आवरण्यासाठी डॉक्टर टेस्टोस्टेरॉनची मोठी मात्रा देत असत. म्हणजे जो परिणाम तेथे उपचार म्हणून मुद्दाम घडवला जाई, तोच परिणाम सोळा वर्षांचा मुलगा छाती रुंद दिसावी म्हणून पैसे मोजून विकत घेतो. ही औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती मिळतात. मेफेंटरमाइन या भुलीच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्याच्या इंजेक्शनाची बेकायदा विक्री महाराष्ट्रात व्यायामशाळांच्या आसपास उघडकीस आलेली आहे. त्याने थकवा जाणवत नाही, आणि थकवा न जाणवणारा मुलगा थांबत नाही.

लोखंडाची भीती घालणाऱ्या घरात या कुपीविषयी क्वचितच बोलले जाते. भीतीची जागा चुकली की सावधगिरीचीही चुकते.

पालकांनी व्यायामशाळेत काय पाहावे

आरसे व वातानुकूलन नंतर पाहावे. लहान मुलांसाठी वेगळी वेळ आहे काय, त्या वेळी प्रशिक्षक मुलांजवळ उभा असतो की भ्रमणध्वनीवर, दांड्याच्या टोकांना पकडी लावण्याची सक्ती आहे काय, चकत्या जमिनीवर विखुरलेल्या आहेत की मांडणीत, याकडे आधी लक्ष द्यावे. प्रशिक्षकाचे शिक्षण विचारण्यात संकोच नको. पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा शारीरिक शिक्षणाची पदवी असणे आणि केवळ स्वतःचे दंड मोठे असणे यांत फरक आहे. पहिल्याच महिन्यात भुकटीचा डबा घ्यायला सांगणाऱ्या जागेतून मुलाला परत आणावे.

एक काम घरीच करता येते. दर तीन महिन्यांनी मुलाची उंची भिंतीवर खूण करून तारखेसह लिहून ठेवावी. मुलींत साधारण बाराव्या व मुलांत चौदाव्या वर्षाच्या सुमारास उंची झपाट्याने वाढते. त्या काळात हाडाची लांबी पुढे धावते आणि त्यातील खनिजे मागे राहतात. मनगटाचे अस्थिभंग याच वयात अधिक होतात, गुडघ्याखालची व टाचेची दुखणी याच वयात सुरू होतात. खुणांमधील अंतर एकाएकी वाढलेले दिसले की ती वही प्रशिक्षकाला दाखवावी. त्याने काही महिने भार वाढवणे थांबवून पद्धतीवर भर द्यावा, आणि गुडघा किंवा कंबर दुखते असे मुलाने सांगितल्यास त्या दिवशी दांडा मांडणीतच राहू द्यावा.